बंद घरातलं पाणी

शेजारचे भाऊ गेले, त्यांचं घर बंद झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या बंद घरात कुणीतरी आंघोळ करू लागलं.

आज हे वाक्य मी सरळ लिहू शकते. तेव्हा नवऱ्यालाही सांगायची हिंमत होत नव्हती. माझं शिक्षण औषधशास्त्राचं, जळगावात माझं स्वतःचं मेडिकल दुकान. गिऱ्हाइकं मला विचारून गोळ्या घेतात. अशा बाईने भिंतीपलीकडे मेलेला माणूस आंघोळ करतोय म्हणून सांगायचं कसं?

आमची कॉलनी शहराबाहेर, धुळ्याच्या रस्त्याला लागून. छोटीशीच योजना, बिल्डर धुळ्याचा. दोन-दोन घरं एकमेकांना चिकटून उभी केलेली, मधली भिंत दोघांत एक. आमच्या बाथरूमच्या पलीकडे त्यांचं बाथरूम. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात भाऊ आणि अक्का शेजारी आले. भाऊंनी जन्मभर बस चालवलेली. धुळ्याहून जळगावला यायचं, गाडी वळवायची आणि परत जायचं. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "जळगावला एवढ्या वेळा आलो, पण कधी राहिलो नाही. आता राहून बघतो." मुलगा धुळ्यात नोकरीला, त्याने नको म्हटलं तरी घर घेतलं.

वर्षभरही राहिले नाहीत. एका सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं नळावर आपटलं. दवाखान्यात काही दिवस काढले आणि गेले. अक्कांना मुलगा धुळ्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फाटकाला कुलूप लागलं. तुळस वाळली, बोगनवेल मात्र बिनपाण्याची फुलत राहिली.

माझा नवरा वरणगावच्या कारखान्यात. सकाळी अंधारात निघतो, दिवेलागणीला येतो. मी दुकान दुपारी बंद करून घरी येते, जेवते, जरा पडते आणि उन्हं उतरली की पुन्हा जाते. जळगावची मे महिन्यातली दुपार ज्याने काढली त्याला माहीत आहे, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. खिडक्यांना ओले पडदे, कूलरची घरघर. आणि वीज गेली की कूलर थांबतो, मग आपल्या कानातलं रक्तसुद्धा ऐकू येतं.

अशीच एकदा वीज गेली आणि मला पाणी ऐकू आलं. बादलीत पडणारी धार. बारीक, सलग. मध्येच बादलीच्या काठावर तांब्या आपटावा तसा आवाज. टक. मग नुसती धार. मग पुन्हा टक.

मला आधी वाटलं, आपलाच नळ राहिला. उठून पाहिलं, आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत. भिंतीला कान लावला. टाइल थंड होती, त्या उन्हाळ्यात नको तितकी थंड. पलीकडे कुणीतरी सावकाश, घाई नसल्यासारखी आंघोळ करत होतं.

कॉलनीत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आल्यावर सगळे हंडे-कळश्या भरतात, खालच्या टाक्या भरतात. त्या घराचा तर नळाचा कॉकच मुलाने रस्त्यावरून बंद करून टाकला होता. मग त्या घरात पाणी कुठलं?

आवाज रोज येऊ लागला. विचित्र असं, की मी दुपारी घरी यायची तेव्हा सगळं शांत असायचं. मी हातपाय धुवायची, मोटार लावून वरची टाकी भरायची, ताट वाढून घ्यायची, आणि दोन घास गेले की पलीकडे धार सुरू व्हायची. माझ्या येण्याची वाट बघत असल्यासारखी. मी जेवण स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत नेलं. मग ओट्यावर बसून जेवू लागले, त्या उन्हात. शेवटी डबा दुकानातच नेऊ लागले.

कामाला येणाऱ्या बाईने एक दिवस फरशी पुसता पुसता मान वर केली. "ताई, बाजूला कोण ऱ्हातं आता?"

"कुणी नाही."

तिने पोछा पिळला, उन्हात वाळत घातला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिने काय सांगितलं असेल ते मला समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या नानांकडून कळलं. नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ आंघोय करी ऱ्हायना म्हने." पुढे म्हणाले, "अर्धी राहिली ना त्याची आंघोळ. पुरी करत असंल." अमावास्येला कुणीतरी त्या फाटकाला लिंबू आणि काळी बाहुली बांधली. संध्याकाळी खेळणारी पोरं त्या बाजूने चेंडू गेला तर आणायला जाईनाशी झाली.

एका रविवारी नवऱ्याने ऐकलं. वर्तमानपत्र वाचत होता, ते खाली ठेवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निदान माझं डोकं फिरलेलं नव्हतं.

तो म्हणाला, "टाकी बघतो."

गच्चीवर जाऊन आला. सकाळी काठोकाठ भरलेली आमची टाकी निम्म्याहून खाली गेली होती. त्या दिवशी आम्ही कपडेही धुतले नव्हते. तेव्हा आठवलं की कित्येक आठवडे मी रोज मोटार लावतेय. उन्हाळा आहे, पाणी जास्त लागतं, एवढंच मनात धरून चालले होते.

प्लंबर आला. त्याने आमचे नळ बंद केले, गच्चीवरचा कॉक उघडा ठेवून भिंतीवर हात फिरवला. म्हणाला, "पाइप भिंतीच्या आतून गेलाय. तुमच्या बाजूने टाइल पक्की आहे, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही. पाणी पलीकडे चाललंय. पलीकडून पाहिल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही."

कारण कळल्यावर भीती जायला हवी होती. पाणी आमचंच आहे हे कळलं, पण तांब्याचा आवाज कुणाचा, ते प्लंबरला सांगता आलं नाही. त्याने तो ऐकला, हत्यारं पिशवीत भरली आणि चहाला न थांबता गेला.

बिल्डरला फोन केला. सुरुवातीला तो गोड बोलला. "ताई, नवीन बांधकाम आहे, भिंती पाणी पितात. दोन पावसाळे जाऊ द्या." मग म्हणाला, बंद घर आहे, उंदरांनी पाइप कुरतडला असेल. मग म्हणाला, तुम्ही भिंतीला खिळे ठोकले असतील. मग फोन उचलेनासा झाला.

माझ्या दुकानात रक्तदाबाची गोळी न्यायला एक वकीलबाई यायच्या. कोर्टातून थकून आल्या की काउंटरला टेकून दोन मिनिटं उभ्या राहायच्या. त्यांना पाण्याची गोष्ट सांगितली, आंघोळीची नाही. त्यांनी विचारलं, "ताबा घेऊन पाच वर्षं झाली का?"

"नाही अजून."

"मग घाबरता कशाला? कामात दोष निघाला तर त्या मुदतीत बिल्डरने पदरचं घालून दुरुस्त करून द्यायचं असतं. फोनवर बोलू नका, लेखी कळवा, रजिस्टर पोस्टाने. त्याने दाद दिली नाही तर ग्राहक आयोग आहे. बिल्डर धुळ्याचा असला तरी तुम्हाला धुळ्याला खेपा घालायची गरज नाही, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही." गोळ्या पर्समध्ये टाकता टाकता त्या थांबल्या. "एक करा. भिंत आत्ता फोडू नका. फोडली की तो म्हणणार, तुम्हीच मोडली. आधी पलीकडून काय दिसतंय ते बघा, फोटो काढा. घरमालकाला सोबत घ्या, त्याच्याशिवाय कुलपाला हात लावू नका."

नोटीस धाडली. उत्तर आलं नाही. म्हणून आम्ही दोघं एका सुट्टीच्या दिवशी बसने धुळ्याला गेलो.

अक्कांचा मुलगा धुळ्यात, देवपूर भागात राहतो. सुनेने पाणी दिलं, बसवलं. अक्का आतून आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. भाऊंच्या स्कूटरचा आवाज आला की पोळी तव्यावर टाकणारी, अख्ख्या कॉलनीला भरीत वाटणारी बाई. ती भिंतीला धरून आली आणि पलंगाच्या कडेला, पाहुण्यासारखी बसली. सून चहाला उठली तशा अक्का अर्धवट उठल्या. सून म्हणाली, "तुम्ही बसा, आई. गॅसपाशी नको." आणि आम्हाला हळू आवाजात म्हणाली, "विसरतात. बाबा गेले तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून."

मुलाला आम्ही पाण्याचं सांगितलं. तो किल्ली द्यायला तयार होता, त्याला यायची इच्छा नव्हती. मग अचानक अक्का मला म्हणाल्या, "मी बी येते."

"आई, कशाला?"

"मनं घर शे," त्या म्हणाल्या. माझं घर आहे.

ठरलेल्या दिवशी सकाळी मायलेक आले. नाना आणि कॉलनीतले दोघंतिघं लांब उभे राहिले. मुलाने कुलूप काढलं. दार फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आतून आलेला वास मी अजून विसरले नाही. ओल्या पोत्याचा, बुरशीचा, आणि त्यात कुठेतरी त्यांच्या खोबरेल तेलाचा. भिंतींवर छातीइतक्या उंचीपर्यंत काळे डाग चढले होते. दारामागे भाऊंचा खाकी शर्ट खुंटीला होता, त्याची बाही हिरवट झाली होती. आणि आतून, बाथरूममधून, तो आवाज येत होता. भिंतीआडून ऐकलेला, आता उघडा. धार. टक.

मुलगा दारातच थबकला. माझ्या नवऱ्याने एक पाऊल टाकलं आणि तोही थांबला. अक्का आम्हा सगळ्यांच्या मधून सरळ चालत गेल्या आणि बाथरूमचं दार ढकललं.

नळाच्या वर एक टाइल निखळून पडली होती. भिंतीतल्या भोकातून पाण्याची बारीक धार वाकून खालच्या प्लास्टिकच्या बादलीत पडत होती. बादली भरून वाहत होती. तिच्यात लाल मग तरंगत होता, धारेने गोल फिरत होता आणि फिरून फिरून नळाच्या तोटीवर आपटत होता. एवढंच.

मला रडू आलं, का ते सांगता येत नाही. पण अक्का बादलीकडे पाहतच नव्हत्या. त्या खाली पाहत होत्या. दारालगतच्या कोपऱ्यात, जिथे धारेचा थेंबही पोचत नव्हता, तिथे भिंतीच्या बुडातून, टाइलच्या फटीतून पाणी पाझरून फरशीवर पसरत होतं. शेवाळाची जुनी, जाड रेघ तिथे उमटली होती. अक्का खाली बसल्या. पदराच्या टोकाने त्यांनी तो कोपरा पुसला. कोरडा केला. हात मागे घेऊन बघत राहिल्या. थोड्या वेळाने फटीतून पाणी पुन्हा वर आलं.

"घर बंद व्हतं ना?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो, आई."

"नळ बी बंद?"

"रस्त्यावरूनच बंद केलाय."

"मंग हाई पानी कथाईन उनं?"

पाणी कुठून आलं ते दाखवायला मुलाने भिंतीकडे बोट केलं. पाइपमधून, आई. भिंतीतून.

अक्का तिथेच भिंतीला टेकून बसल्या, ओल्या फरशीवर. मग जे बोलल्या ते मुलालाही पहिल्यांदाच कळत होतं. त्या घरात राहायला आल्यावर काही महिन्यांतच भाऊ कुरकुर करू लागले, बाथरूम ओलं ठेवतेस म्हणून. अक्का पुसायच्या. भाऊ आंघोळीला गेले की तिथे पाणी. "पुसलं का?" "पुसलं." "मग हे काय आहे?" त्या पुन्हा पुसायच्या. काही दिवसांनी भाऊ म्हणू लागले, तुझं डोकं चालत नाही आता, करतेस एक आणि सांगतेस एक. मुलाच्या कानावरही त्यांनी ते घातलं. अक्कांनाही तसंच वाटू लागलं. मीठ घातलं की नाही, दार लावलं की नाही, सगळ्याचाच संशय. त्या सकाळी धुणं झाल्यावर त्यांनी फरशी पुसली होती. त्यांना पुसल्याचं आठवत होतं. पण भाऊ पडले तेव्हा फरशी ओली होती.

"मी पुसेल व्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी पुसेल व्हतं."

हे त्या मुलाला सांगत नव्हत्या, भाऊंना सांगत होत्या. ते ऐकून मुलगा बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

परतताना मुलाने फाटकाचं लिंबू आणि बाहुली काढून टाकली. आम्ही गच्चीवरचा बाथरूमचा कॉक बंद केला. त्या दिवसापासून मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करू लागलो.

मग दोन तक्रारी झाल्या, आमची एक आणि अक्कांची एक. वकीलबाईंनी दोन्ही चालवायला घेतल्या. अक्कांना त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं: भिंतीचं, पाइपचं सिद्ध होईल. भाऊंचं सिद्ध करणं कठीण आहे. डॉक्टरांच्या कागदावर घसरून पडले एवढंच आहे. अक्का म्हणाल्या, "लिही तर टाक."

बिल्डरच्या बाजूने बरंच काही आलं. आमच्या भिंतीवरच्या देव्हाऱ्याच्या खिळ्याचं आलं. बंद घराची देखभाल न केल्याचं आलं. भाऊंच्या वयाचं आलं. बिल्डरचा माणूस धुळ्याला अक्कांच्या घरीही जाऊन आला. दोन्ही घरं नवीन करून देतो, तेवढी ती मृत्यूची ओळ काढा, म्हणाला. अक्कांनी त्याला चहा पाजला. "ओळ ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

आयोगाने तपासणीला एक इंजिनिअर नेमला. दोन्ही पक्षांसमोर भिंत उघडायची ठरली. त्या दिवशी बिल्डर स्वतः आला होता, रुमाल नाकाला लावून. गवंड्याने अक्कांच्या बाजूने छिन्नी लावली. प्लास्टर ओल्या पिठासारखं सुटलं. आत आमच्या टाकीवरून उतरलेला पांढरा पाइप आणि त्याचा एक वाकडा जोड. इंजिनिअरने जोड दोन बोटांत धरला, ओढला, आणि तो सुटून हातात आला. चिकटवायचं सोल्युशन त्याला कधी लावलंच नव्हतं. नुसता एकात एक खुपसून वर सिमेंट थापलं होतं. पहिल्या दिवसापासून तो झिरपत होता, आणि हळूहळू त्याने टाइल ढकलून दिली होती.

बिल्डर म्हणाला, "कामगार कसे असतात, माहीत आहे ना."

अक्का त्या उघड्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी पुढे होऊन आत हात घातला आणि विटांचा ओलेपणा चाचपून पाहिला.

निकाल यायला वेळ लागला. तारखा पडल्या, मध्ये एक पावसाळा गेला. निकालात दुरुस्ती आणि नुकसानभरपाई दोन्ही घरांना मिळाली, मनस्तापाचंही मिळालं. भाऊंच्या मृत्यूबद्दल आयोगाने म्हटलं की बाथरूमची फरशी इतर कारणांनीही ओली असू शकते. सदोष जोडामुळेच ते पडले हे पुराव्याने शाबीत होत नाही. वकीलबाई चिडल्या होत्या, वरच्या आयोगात अपील करायचं का विचारत होत्या.

अक्का म्हणाल्या, "त्यास्नं बरोबर शे. त्यास्ले माहीत नही. माले माहीत शे." अपील केलं नाही.

बिल्डरने काम करून दिलं, कुरकुरत. अक्कांनी घर विकायला काढलं. एक जोडपं पाहायला आलं तेव्हा बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "या घरात कुणी गेलंय का?" मी हो म्हटलं, आणि का ते सगळं सांगितलं. ते गेले, आठवड्याने स्वतःचा इंजिनिअर घेऊन आले, आणि मग घर घेतलं.

मी मात्र अजून दुपारी घरी जेवत नाही. सगळं माहीत आहे, पाइप डोळ्यांनी पाहिलाय, जोड हातात घेतलाय. तरी नाही. ज्या घरात माणसाला स्वतःच्याच डोक्याचा संशय घ्यायला लावलं गेलं, त्या घराच्या भिंतीला पाठ लावून घास उतरत नाही, एवढंच म्हणेन.

मागच्या हिवाळ्यात औषधांच्या कामासाठी धुळ्याला गेले होते, तेव्हा अक्कांकडे गेले. स्वयंपाकघरातून वांगी भाजल्याचा वास येत होता. अक्का गॅसपाशी होत्या, सून कांद्याची पात चिरत होती. भरीत आणि कळण्याची भाकरी वाढून अक्का समोर बसल्या आणि आपणहून भाऊंबद्दल बोलू लागल्या.

अक्कांचं माहेर सोनगीर. भाऊ तेव्हा नवीन लागलेले, शिरपूरची गाडी चालवायचे. सुट्टी मिळेना म्हणून मुलगी बघायला ते ड्युटीवरच आले. गाडी किल्ल्याखाली रस्त्याच्या कडेला उभी केली, कंडक्टरला पाच मिनिटं म्हणाले आणि पोहे खायला येऊन बसले. वडील शेतीचं विचारत होते, मामा पगाराचं. बाहेर प्रवासी हॉर्न वाजवू लागले. शेवटी पागोटं घातलेला एक म्हातारा थेट ओसरीवर आला आणि भाऊंना म्हणाला, "पोरगी पसंत शे का नही ते सांगी टाक. आम्हले शिरपूरले जानं शे."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. हातात पोह्यांनी ताटली तशीच लई गयात, गाडीमा." अक्का हसल्या, तोंडाला पदर लावून. "ताटली परत द्याले दुसऱ्या दिनले उनात."

सूनही हसत होती. ताटली परत द्यायला दुसऱ्या दिवशी आलेल्या भाऊंची ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. अक्कांनी माझ्या पानात आणखी भरीत वाढलं, मी नको म्हणत असताना.